बारदान

सौदे उरकल्यावर, दुपारी दोनला,
दस्तगीरमामाने फडक्याने काटा पुसला.
"ठेव."
मी पाठीवरची सॅक उतरवून ठेवली.
अठरा किलो चारशे.

तिलारीपासून साल्हेरपर्यंत, घाटमाथ्याने,
बावन्न दिवस चालायचंय मला.
एकोणीस वर्षं याच अडतीत वह्या लिहिल्या,
हळदीचं वजन, कडता, तूट, हमाली, तोलाई,
पै न् पै जुळवून,
आणि स्वतःची पिशवी मात्र भरली अंदाजाने.

मामाने सॅक नुसती हलवून पाहिली,
पोत्यात ओल आहे का बघतात तशी.
"आधी बारदान सांग."
रिकामी सॅक: दोन किलो तीनशे.
"रिकामं पोतंच एवढं खातंय,
मग मालानं काय खायचं?"

तिथेच फरशीवर, सांडलेल्या कणीत,
सगळं पसरलं.
"तीन पँटी. पाय किती हायत?"
टॉर्च. तो बिघडला तर दुसरा टॉर्च.
दोघांचे जादा सेल. सेल संपले तर मेणबत्ती.
मामा उकिडवा बसून बघत राहिला.
"लेका, चालाय निघालायस का भ्यायला?"

हा काटा पन्नास ग्रॅमच्या खालचं बोलत नाही.
म्हणून नेलकटर, सुईदोरा, बाम, शिट्टी,
कंगवा, चाकू, छोटी वही
एकेक करून ठेवली:
शून्य. शून्य. शून्य.
मी खूश.
मामाने ओंजळ भरून सगळं एकदम टाकलं.
दोनशे पन्नास.
"असल्या शून्यांवर पेढ्या बुडाल्यात."

पुराच्या वर्षी वजन करायला वेळ नव्हता.
गावभागात बोट आमच्या गॅलरीला लागली,
माणसागणिक एकच पिशवी.
मी सर्टिफिकेटं घेतली, आणि मोबाईलचा चार्जर,
वीज कुठेच नसताना.
आईने गॅसचा रेग्युलेटर काढून पदरात बांधला.
सिलिंडर राहिला तो राहिलाच.
अकरा दिवस शाळेच्या वर्गात
ती तो रेग्युलेटर उशाला घेऊन झोपली.
कुणी हसलं नाही.
शेजारच्या आवटींच्या पिशवीत
भिंतीवरच्या घड्याळाची किल्ली निघाली होती,
नुसती किल्ली.

मामाला हे सांगितलं नाही.
त्याच्या घरात आमच्याहून दोन फूट जास्त पाणी होतं.

चार वाजेपर्यंत सॅक नऊ किलो दोनशेवर आली.
मेणबत्ती गेली, दोन पँटी गेल्या,
डबा गेला, झाकण राहिलं,
त्याचंच ताट होईल.
मामाने पट्टे ओढून ओझं पाठीला चिकटवलं.
"कमरंवर बसू दे. मी तीस वर्षं मानंवर घेतलं.
आता मागं बघायचं तर
अख्खा माणूस फिरवाय लागतोय."
आणि फिरून दाखवलं, अख्खा.

घरी आलो तेव्हा सॅकच्या बुडाला पिवळं लागलेलं,
काट्याने धरलं नव्हतं ते.
आई दारातच उभी, हातात भडंगाची पिशवी,
उशीएवढी, तोंड मेणबत्तीवर डागून बंद केलेली.
"भडंगाला कुठं वजन असतं?"
अर्धा किलो, मी म्हटलं, आणि जागा बघ केवढी.
मग तिला कडता समजावला, तूट समजावली,
बारदान समजावलं,
शून्यांची गोष्ट सांगितली.
तिने सगळं नीट ऐकून घेतलं.
मग टाचणीने पिशवीला एक भोक पाडलं,
मांडीवर घेऊन दाबत दाबत हवा काढली,
पिशवी निम्मी झाली,
आणि आरशावर चिकटवलेली एक टिकली काढून
भोकावर लावली.

नऊ किलो सातशे.
टिकली धरून.